फाउन : जुन्या वाद्यांवरचे नवे रानगाणे

रानवाट (धागाकर्ता)

बव्हेरियात राहायला येऊन मला आता अकरा वर्षे होतील. येथे उन्हाळ्यात किल्ल्यांच्या आवारांत ‘मध्ययुगीन बाजार’ भरतात. जाड्याभरड्या कापडाचे अंगरखे घातलेली माणसे भट्टीवर नाल ठोकत बसलेली असतात, मातीच्या पेल्यांतून मधाची दारू विकली जाते आणि गाडी लावून आत शिरले की आपण सातशे वर्षे मागे आलो, असे समजून चालायचे असते. पहिल्या वर्षी हे सगळे मी काहीशा कुत्सितपणेच पाहत होतो. मग एका वाद्यकारागिराच्या पालापाशी थांबलो.

त्याच्या मांडीवर पोट फुगलेली एक लाकडी पेटी होती. उजव्या हाताने तो तिचा दांडा फिरवी, दांड्याला जोडलेले चाक तारांवर घासले जाई आणि तार अखंड वाजत राही. सारंगीचा गज गोल वाकवून पेटीत कोंडावा, तसा तो प्रकार होता. डाव्या हाताची बोटे लाकडी पट्ट्या आत दाबत आणि सोडलेली पट्टी स्वतःच्याच वजनाने खाली पडे. इंग्रजीत या वाद्याला हर्डी-गर्डी म्हणतात, जर्मनीत ड्रेहलायर. त्याने दांडा माझ्या हाती दिला आणि मी फिरवताच पेटी किंचाळली. तो हसला, झाकण उघडून त्याने तारेवरचा जुना कापूस काढला, चिमूटभर नवा कापूस दोन बोटांत पिंजून तार चाकाला टेकते नेमका तेथे गुंडाळला, चाकावर राळेचा खडा धरून एक फेरा दिला आणि दांडा पुन्हा माझ्याकडे सरकवला. जवारीत दोरा नेमका बसल्यावर तंबोरा जसा उघडतो, तशी ती पेटी उघडली. शेजारच्या पालात ध्वनिवर्धकावर याच वाद्याचे एक गाणे लागले होते. ते कोणाचे, असे मी विचारले. ‘फाउन,’ तो म्हणाला.

फाउन हा वाद्यवृंद १९९८ साली म्युनिकच्या परिसरात सुरू झाला. ऑलिव्हर पाडे, एलिझाबेथ पावेल्के, फिओना र्‍युगेबेर्ग आणि बिर्गिट मुगेनथालर ही त्याची पहिली मंडळी. पुढे तालवाद्यांसाठी र्‍युडिगर माउल आला आणि सिंथेसायझर घेऊन नील मित्रा. ‘फाउन’ म्हणजे रोमन पुराणांतला बकऱ्याच्या पायांचा रानदेव. आपल्या संगीताला ते ‘पेगन फोक’, म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या देवधर्मांचे लोकसंगीत, म्हणतात. पहिला अल्बम २००२ साली आला आणि त्याचे नावच ‘त्साउबरश्प्र्युखे’, म्हणजे मंत्र, असे होते. त्यानंतर ‘लिख्ट’ (२००३), ‘रेनेसाँस’ (२००५), ‘टोटेम’ (२००७), ‘ईडन’ (२०११), ‘लूना’ (२०१४), ‘मिडगार्ड’ (२०१६), ‘पेगन’ (२०२२) असे अल्बम येत राहिले आणि मधल्या काळात गायिका अनेकदा बदलल्या.

त्यांच्या गाण्यांत निसर्ग देखाव्यासारखा येत नाही; तो तिथीसारखा येतो, असे मला वाटते. ‘लूना’मध्ये ३० एप्रिलच्या वाल्पुर्गिस रात्रीचे गाणे आहे, जर्मन समजुतीनुसार त्या रात्री चेटकिणी हार्त्स डोंगररांगेतल्या ब्रोकेन शिखरावर जमतात. ‘मिडगार्ड’मध्ये ऑगस्टच्या आरंभी येणाऱ्या लुनासा या केल्टिक सुगीच्या सणाचा फेर आहे. ‘रेनेसाँस’मध्ये पानगळीवरचे एक गाणे आहे आणि ते मला सर्वांत प्रिय आहे, त्याविषयी पुढे कोणी विचारले तर सविस्तर लिहीन. या संगीतात जुने किती आणि आज रचलेले किती, आणि रचलेले असेल तर त्याने काही बिघडते का, यावर येथल्या जाणकारांची मते वाचायला मला आवडतील.

खर्जातला सा

रानवाट, कापसाचा तपशील वाचून आनंद झाला. मी तीस वर्षे तंबोरे जुळवतो आहे. तारेखाली सरकवलेल्या एका दोऱ्याने आवाजाचा स्वभाव कसा पालटतो, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. आपण लिहिल्यावर त्यांची चार-पाच गाणी ऐकली. सूर खाली अखंड धरून ठेवलेला आहे, त्यामुळे माझ्या कानाला परके वाटले नाही. मात्र दोन शंका आहेत. हर्डी-गर्डीच्या अखंड आवाजात मधूनच माशी गुणगुणावी तशी एक तालबद्ध कुरकुर ऐकू येते, ती कशाची? आणि दुसरे एक गजाने वाजणारे वाद्य आहे, त्याच्या स्वरामागे मला स्पष्टपणे तरफांची, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारांची, आस ऐकू आली. युरोपातल्या लोकवाद्याला तरफा असतात का?

रानवाट

साहेब, आपले कान पक्के आहेत. ती कुरकुर एका सुट्या घोडीची, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या लाकडी तुकड्याची, आहे. एका खर्जाच्या तारेखालची घोडी एकाच पायावर घट्ट बसवलेली असते आणि तिचा दुसरा पाय मोकळा असतो. वादकाने मनगटाला झटका देऊन चाकाचा वेग क्षणभर वाढवला, की तो मोकळा पाय लाकडावर थरथरतो. म्हणजे एकच माणूस सूर, चाल आणि ताल ही तिन्ही कामे एका पेटीवर करतो. गंमत अशी, की आपण ज्या भागाला घोडी म्हणतो त्याच भागाला या वाद्यात फ्रेंच लोक कुत्रा म्हणतात.

दुसरे वाद्य म्हणजे स्वीडनच्या उपलांड प्रांतातली निकेलहार्पा. तिच्या आजच्या रूपात सोळा तारा असतात : तीन चालीच्या, एक खर्जाची आणि बारा तरफा. गज उजव्या हातात, डाव्या हाताखाली सुमारे सदतीस लाकडी पट्ट्या. आजचे रूप १९२९ साली आउगुस्ट बोलिन याने घडवले आणि एरिक साल्स्ट्रोम याने ते पुढे नेले; मात्र गोटलांड बेटावरच्या श्येलुंगे येथील चर्चमध्ये सुमारे १३५० सालचे एक शिल्प आहे, त्यातले वादक याच जातीचे वाद्य वाजवताना दिसतात. म्हणजे वंश जुना, पण फाउनच्या हातातले वाद्य विसाव्या शतकातले.

बिनतोड

रसभंग करतो म्हणून क्षमस्व, पण कोणीतरी बोलायला हवे. ज्याला आपण सारे ‘प्राचीन निसर्गधर्म’ म्हणून डोक्यावर घेत आहोत, त्याच्या आठ सणांचे वर्षचक्र १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवले गेले. दोन अयने, दोन संपात आणि केल्टिक परंपरेतले चार सण यांची मोट नवपेगन पंथांचे प्रणेते जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स यांच्या मंडळींनी बांधली. ही आठही पर्वे एकत्र पाळणारा कोणताही प्राचीन समाज इतिहासाला ठाऊक नाही. दुसरे, ‘रेनेसाँस’ या अल्बममध्ये एक गाणे चक्क ‘कांतिगास दे सांता मारिया’ या संग्रहातले आहे. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारात तेराव्या शतकात सिद्ध झालेला हा संग्रह म्हणजे येशूच्या आईची स्तुतिगीते आहेत. पेगन म्हणवणाऱ्यांनी मेरीमातेची आरती म्हणायची, हा काय प्रकार आहे?

आणि २०१३ साली ‘फोन डेन एल्बेन’ हा अल्बम बड्या कंपनीकडून आला, तो जर्मन विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकावर पोहोचला, तेव्हापासून गाणी गुळगुळीत झाली, असे त्यांचे जुने श्रोतेच म्हणतात. रानदेवाला दूरचित्रवाणीवर नाचवले, की तो रानाचा राहत नाही.

गिटारवाला

बिनतोड यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत. शिवाय काही जण याला फोक-रॉक म्हणतात, पण यात रॉक कोठे आहे? ज्यांना खरोखर रॉक हवे त्यांनी इन एक्स्ट्रेमो हा जर्मन वाद्यवृंद ऐकावा. तेथे मशकवाद्ये आणि इलेक्ट्रिक गिटार एकमेकांवर धडकतात. आणि या साऱ्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर १९७० साली हॅम्बर्गमध्ये सुरू झालेल्या ओउगेनवायडेकडे जावे लागेल. मध्ययुगीन जर्मन काव्य ड्रम आणि बास गिटारवर चढवण्याचा उद्योग त्यांनी फाउनच्या कितीतरी आधी केला होता.

रानवाट

रॉकविषयी वाद घालत नाही. माउलचा ताल आणि सिंथेसायझरचा खालचा ठोका यांमुळे मंचासमोर माणसे नाचतात. त्याला कोणते नाव द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. ओउगेनवायडेचे ऋण मात्र खरे आहे.

बिनतोड, वर्षचक्राविषयीचे आपले म्हणणे बरोबर आहे आणि मी ते खोडत नाही. २०१३च्या अल्बमविषयीही माझे मत आपल्यापेक्षा फार वेगळे नाही. त्यातली निम्मी गाणी मी दुसऱ्यांदा ऐकलेली नाहीत. पण मेरीच्या गीताबाबत आपली तक्रार मला पटत नाही. तेराव्या शतकातली लौकिक चाल आज मिळवायची तर ती बहुतेक वेळा भिक्षूंच्या, धर्मपीठांच्या किंवा राजदरबारांच्या हस्तलिखितांतूनच मिळते. अक्षर त्यांच्या हाती होते, स्वरलेखन त्यांच्याकडे होते. बव्हेरियातल्याच बेनेडिक्टबॉयर्न मठात १८०३ साली जे ‘कार्मिना बुराना’चे हस्तलिखित सापडले, त्यात वसंताची, मद्याची आणि प्रेमाची गाणी आहेत, आणि ती टिकली मठाच्या ग्रंथालयात. ज्यांचे देव गेले त्यांची गाणी ज्यांनी देव घालवले त्यांच्या कपाटात राहिली, अशी ही उलटी रीत आहे.

जुनी वही

या शेवटच्या वाक्याला मी दोन दाखले जोडते.

पहिला मेर्झेबुर्गच्या मंत्रांचा. जर्मन भाषेत ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या देवतांचा स्पष्ट उल्लेख असलेले असे मंत्र दोनच उरले आहेत, आणि ते दहाव्या शतकात कोणा धर्मसेवकाने एका ख्रिस्ती प्रार्थनाग्रंथाच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले. १८४१ साली गेओर्ग वाइट्स या इतिहासकाराला ते मेर्झेबुर्गच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात सापडले आणि पुढच्या वर्षी याकोब ग्रिम यांनी प्रसिद्ध केले. दुसऱ्या मंत्रात बाल्डर या देवाच्या घोड्याचा पाय मुरगळतो आणि वोदान हा जुन्या जर्मनांचा देव हाडाला हाड, रक्ताला रक्त, अवयवाला अवयव असे म्हणत तो सांधतो. आता अथर्ववेदातले चौथ्या कांडातले बारावे सूक्त काढून पाहा. रोहिणी वनस्पतीला उद्देशून तेथे मज्जेशी मज्जा सांधली जावो, चर्माने चर्म रुजो, असे म्हटले आहे. हे साम्य आडाल्बर्ट कून यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. मेर्झेबुर्गचे मंत्र इन एक्स्ट्रेमोनेही गायले आहेत, हे गिटारवाला यांना माहीत असेलच. यावरून ‘सगळे मूळचे आपलेच’ अशी आरोळी कोणी ठोकू नये, ही विनंती. हाड सांधण्याचा मंत्र दोन ठिकाणी सारखा असू शकतो. हाडे सगळीकडे सारखीच मोडतात.

दुसरा दाखला रानवाट यांच्या आवडत्या गाण्याचा आहे, असा माझा तर्क आहे. पानगळीवरचे ते गाणे म्हणजे ‘लोइबेरे रिसेन’ ना? त्याचा कर्ता विट्स्लाव्ह हा बाल्टिक समुद्रातल्या र्‍युगेन बेटाचा राजा तिसरा विट्स्लाव्ह होता, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा राजा १३२५ साली वारला. त्याच्या नावावरची गीते चौदाव्या शतकातल्या येना हस्तलिखितात स्वरांसह टिकली आहेत, म्हणजे त्या गाण्याची चाल कोणी आज कल्पनेने रचलेली नाही.

आता र्‍युगेनचा इतिहास पाहा. या बेटाच्या उत्तर टोकाला आर्कोना नावाचा कडा आहे आणि त्यावर स्लाव्ह लोकांचे स्वांतेविट या चार डोक्यांच्या देवाचे देऊळ होते. साक्सो ग्रामाटिकुस या डॅनिश इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे. देवाच्या उजव्या हातात दारूने भरलेले शिंग असे. सुगीनंतरच्या उत्सवात पुजारी ते तपासी आणि दारू कमी झालेली दिसली तर येणारे वर्ष टंचाईचे, असे भाकीत करी. उत्सवाच्या आदल्या दिवशी पुजारी गाभारा झाडी तेव्हा त्याला आत श्वास सोडायची मुभा नसे; माणसाच्या श्वासाने देव विटाळू नये म्हणून प्रत्येक वेळी तो दाराशी येऊन श्वास घेई. ११६८ साली डॅनिश फौजेने आर्कोना जिंकले, मूर्ती दोर लावून ओढत नेली आणि तिची लाकडे स्वयंपाकाच्या चुलीत घातली. बेटाच्या राजघराण्याने बाप्तिस्मा घेतला. त्यातला यारोमार पहिला हा आपल्या कवी राजाचा खापरपणजोबा. चार पिढ्यांनी त्याच घरातला माणूस जर्मन भाषेत, ख्रिस्ती दरबारी रीतीने, पाने गळण्याचे गाणे लिहितो. बिनतोड, यातले ‘पेगन’ काय आणि ‘ख्रिस्ती’ काय, हे आपण कोणत्या सुरीने कापणार?

बिनतोड

ताई, सुरी म्यान केली. चुलीत गेलेल्या मूर्तीचा तपशील विसरता येणार नाही. २०१३च्या अल्बमविषयीचे मत मात्र कायम आहे.

चौथा कोन

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक अवघड प्रश्न विचारतो. जर्मनीत रून ही प्राचीन अक्षरलिपी, वोदान, ओकवृक्ष, अयनोत्सव हे सगळे नाझींनी वापरले होते. हिमलरच्या एसएस या नाझी दलाचे बोधचिन्हच दोन रूनांचे, म्हणजे त्या लिपीतल्या दोन अक्षरांचे, होते. मग आजच्या जर्मनीत कोणी तरुण मंचावर उभे राहून जुन्या देवांचे गाणे म्हणतो तेव्हा समोरच्याला धास्ती वाटत नाही का?

रानवाट

वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. एसएसच्या त्या चिन्हाचे जाहीर प्रदर्शन जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. माझ्या कार्यालयातला एक ज्येष्ठ सहकारी असल्या बाजारांत पाऊलही टाकत नाही, कारण त्याच्या लहानपणी घरात जे अयनोत्सव साजरे होत त्यांच्यामागे कोण होते, हे त्याला पुढे कळले. या शंकेला गाण्यातूनच काही उत्तर मिळते का, हे मी पाहत आलो आहे. फाउन जर्मनमध्ये गातात तसे लॅटिन, ग्रीक आणि स्कँडिनेव्हियन भाषांमध्येही गातात. एकाच ‘रेनेसाँस’मध्ये वेल्श पुराणातली ऱ्हिआनन आहे, आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये गेलेली वादळांची देवी इयांसा आहे आणि वर म्हटलेली मेरीही आहे. रक्ताच्या शुद्धतेचे वेड असलेल्याला ही पंगत पचणार नाही. नॉर्वेच्या वार्द्रुना या वाद्यवृंदाचा आयनार सेल्विक याने तर रूनांवर सांगितल्या जाणाऱ्या या हक्काविरुद्ध अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवले आहे. त्याने २००९ ते २०१६ या काळात तीन अल्बमांत मिळून चोवीस रूनांवर रचना केल्या.

खर्जातला सा

वार्द्रुना माझ्या मुलाने ऐकवले. त्यात रॉक नावालाही नाही, पण भूर्जवृक्षाच्या नावाच्या रूनसाठी भूर्जाच्याच खोडावर ठोके दिले आहेत, असे त्याने सांगितले आणि मी ते पुन्हा लावायला लावले. ‘निसर्गाचे संगीत’ म्हणून पक्ष्यांची किलबिल ध्वनिमुद्रित करून मागे लावण्यापेक्षा हे मला अधिक प्रामाणिक वाटते. मुळात वाद्य म्हणजे झाड, कातडे आणि आतडेच. आमच्याकडे पावसाळ्यात तंबोरा उतरतो तेव्हा आम्ही हवेला शिव्या देतो. हर्डी-गर्डीवालेही देत असणार.

रानवाट

देतात, साहेब, आणि जर्मनमध्ये देतात. लाकडी चाक दमट हवेने केसभर फुगले तरी तारेवरचा दाब बदलतो आणि कापूस पुन्हा पिंजावा लागतो.

मोगरा

मी या विषयात पूर्ण नवखी आहे. दोन प्रश्न आहेत : ऐकायला सुरुवात कोठून करावी, आणि ‘पेगन’ला मराठीत काय म्हणावे? आमच्या गावाला देवराई आहे, तेथील वाळलेली काटकीही कोणी उचलत नाही. हे तेच का?

जुनी वही

मोगरा, लॅटिन ‘पागानुस’चा जुना अर्थ खेडूत असा आहे. शहरे ख्रिस्ती झाली, खेडी मागे राहिली, आणि खेडवळ या शब्दाला परधर्मी असा अर्थ चिकटला. जुन्या मिशनरी मराठीत ‘मूर्तिपूजक’ म्हणत, पण त्यात हिणवणे आहे. ‘निसर्गपूजक’ म्हणावे तर ते फार गोड होते. मी ‘पेगन’ असेच लिहिते. देवराईशी तुलना करताना एक फरक विसरू नका. तुमच्या गावात देवाला कौल लावणारा गुरव आजही आहे. तिकडे तो धागा कित्येक शतकांपूर्वी तुटला, म्हणून तिकडच्या माणसाला तो पुन्हा वळावा लागतो आहे, आणि वळताना हाताला जे सापडेल ते घ्यावे लागते.

रानवाट

सुरुवात ‘रेनेसाँस’पासून करा, मग ‘टोटेम’, आणि ‘फोन डेन एल्बेन’ बिनतोड यांच्या नजरेआड ऐका. ‘लोइबेरे रिसेन’ मात्र रात्री, एकटीने.

मोगरा

ऐकले. तीनदा. शब्द कळले नाहीत, पण पाने पडत आहेत हे कळले. पहिल्या ओळीचा अर्थ कोणी सांगेल का?

जुनी वही

सातशे वर्षांपूर्वीची जर्मन आहे, म्हणून सावकाश सांगते. ‘लोइबेरे’ म्हणजे पाने. ‘रिसेन’ म्हणजे खाली येणे. आजच्या जर्मनमध्ये बर्फ किंवा वाळू हलकेच झरते त्याला ‘रीझेल्न’ म्हणतात, तो याच कुळातला शब्द. पाने झाडांवरून ‘त्सु ताल’, शब्दशः दरीकडे, म्हणजे नुसते खाली येतात. मी असे करीन : ‘पाने झाडांवरून खाली गळतात.’

बिनतोड

‘गळतात’ नको. नळ गळतो, छप्पर गळते. ‘झडतात’ म्हणा.

खर्जातला सा

‘झडतात’मध्ये वारा आला. त्या चालीत वारा नाही. स्वर एकेक करून खाली उतरतात आणि मध्ये थांबतात.

जुनी वही

मग ‘ओघळतात’? हा शब्द पाण्याचा आणि आसवांचा आहे, पण ‘रिसेन’च्या जवळचा वाटतो.

रानवाट

ताई, मी गेली दहा वर्षे मनातल्या मनात ‘ढळतात’ म्हणत आलो आहे. आज रात्री ‘ओघळतात’ लावून ऐकतो आणि उद्या कळवतो.